बाईंच्या जिवतीतली माणसं

लग्न होऊन पनवेलला आले, त्याच्या पहिल्याच आठवड्यात शेजारच्या द्वारकाबाईंनी माझा कान मागितला. म्हणजे चित्र काढण्यापुरता, बघायला मागितला. मी नवी नवरी, ओसरीवर तांदूळ निवडत बसलेली. समोर एक उंच, काटकुळ्या, पांढऱ्या लुगड्यातल्या बाई येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, जरा डावीकडे बघ, तुझा कान चांगला आहे. मी डावीकडे बघितलं. त्यांनी कनवटीचा पेन्सिलीचा तुकडा काढला, हातातल्या कागदावर माझा कान उतरवून घेतला आणि आल्या तशा निघून गेल्या. सासूबाई आतून म्हणाल्या, "गेली का? फार मनावर घेऊ नकोस. डोक्याने शाबूत आहे, पण तऱ्हा आहेत एकेक."

स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. पुढे आठ-नऊ वर्षं मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून काढली. पण द्वारकाबाई मला कळल्या, असं काही मी आजही म्हणू शकत नाही. माणूस गेलं की त्याच्याबद्दल बोलायला सोपं जातं म्हणतात. बाईंना जाऊन कितीतरी वर्षं झाली, आणि मी अजून एक वाक्य धडपणे बोलू शकत नाही. एक बोलले की लगेच त्याच्या उलटं आठवतं.

चरित्र सांगण्यासारखं फारसं नाही. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नाही. मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या, म्हणून सगळं गाव त्यांना 'बाई' म्हणायचं. लुगडं पांढरंधोप, पण पदर मात्र होळी खेळून आल्यासारखा, कारण ब्रश पुसायला दुसरं फडकं हाताशी नसायचं. एकदा माझ्यादेखत त्यांनी चहाच्या कपात ब्रश बुडवला आणि रंगाच्या भांड्यातलं पाणी प्यायल्या. वर मला सांगतात, साखर कमी पडली गं. आणि कुठलाही प्रश्न घेऊन जा, उत्तर ठरलेलं: "काढून बघू." रॉकेल मिळेनासं झालं, काढून बघू. माझं नि सासूबाईंचं वाजलं, काढून बघू. मी म्हणायचे, बाई, भांडण कसं काढणार? त्या म्हणायच्या, तू कुठे उभी होतीस आणि त्या कुठे, एवढं तर सांग.

त्यांच्याकडे कोर्टातून मुलं येत. ज्या मुलांचं घर काही काळापुरतं मोडलं आहे, आई-बाप आजारी, तुरुंगात, नाहीतर बेपत्ता, अशी मुलं सांभाळायला सरकार कुणातरी भल्या माणसाकडे सोपवी. कागदावर त्या माणसाला 'योग्य व्यक्ती' म्हणत. झालं, आळीला तेवढंच पुरलं. बाई नळावर दिसल्या की सासूबाई म्हणत, आली बघ योग्य व्यक्ती. दर तीन महिन्यांनी अलिबागहून या कामाचे एक साहेब यायचे, छत्री काखेत धरून सगळ्या खोल्या हिंडायचे, आणि मुलाला गादी आहे की चटई हे वहीत लिहून न्यायचे.

मला या प्रकारात सगळ्यात खटकायचं ते वेगळंच. बाई मला अगं-तुगं करायच्या आणि त्या चिमुरड्यांना अहो-जाहो. "दगडूराव, हात धुऊन या." "शेवंताबाई, वेणी घालायची आहे ना?" त्यांनी कुणाला मांडीवर घेतलंय, पापा घेतलाय, असं चारचौघांत कधी दिसलं नाही. कुणी चुकून आई म्हटलं तर शांतपणे 'बाई म्हणा' म्हणून दुरुस्त करायच्या. मी एकदा न राहवून बोलले, लेकरांना मायेची गरज असते हो, हे काय परक्यासारखं. तर म्हणाल्या, "परकीच आहेत. दुसऱ्याची मुलं आहेत, माझ्याकडे पाहुणी आली आहेत. पाहुण्यांना अगं-तुगं करतं का कुणी?" मला ते तेव्हा अगदी दगडाच्या काळजाचं वाटलं. आता काय वाटतं ते नीट सांगता येत नाही.

पण मुख्य गोष्ट जिवतीची. श्रावण लागला की आम्ही बाजारातून जिवतीचा छापील कागद आणायचो आणि देवापाशी भिंतीला लावायचो. वर नरसिंह, कालियावरचा कृष्ण, मधे मुलं खेळवणाऱ्या दोघी, जरा आणि जिवंतिका, खाली हत्तीवर बुध नि वाघावर बृहस्पती. दर शुक्रवारी पूजा करायची आणि मुलांना ओवाळायचं. बाई तो कागद विकत आणत नसत, स्वतः काढत. चुना, गेरू, हळद, काजळ, कपड्यांची नीळ, असे घरातलेच रंग, ओल्या फडक्याने पुसले जाणारे. आणि जिवती श्रावणापुरती नाही, मूल घरात असेपर्यंत भिंतीवर राहायची. देव कोपऱ्यात एवढेएवढेसे, आणि मधला सगळा कागद त्या दोघींना दिलेला. त्यांतली एक मुलाची खरी आई असायची. बाप असला तर बापही.

सासूबाईंचा या सगळ्यावर भयंकर राग. ना कुंकू ना मूल, हिला जिवती हवी कशाला? आणि जिवतीत चालतीबोलती माणसं काढतात का कुणी? बाईंनी त्यावर तोडगा म्हणून मला धरलं. चित्र मी काढते, हळदकुंकू तू वाहा. दर शुक्रवारी मी जायची, आघाडा-दूर्वांची माळ घालायची, चणे-फुटाणे खायची आणि घरी येऊन सासूबाईंची बोलणी खायची.

एकदा मी विचारलं, त्या राक्षशिणीचं, जरेचं, तुम्हाला एवढं काय कौतुक? बाई ब्रश पदराला पुसत म्हणाल्या, "दोन राण्यांना अर्धं अर्धं मूल झालं, दोघींनी टाकून दिलं. जरेने उचललं आणि सांधलं. लोक तेवढंच सांगतात. पुढे तिने ते राजाकडे परत नेऊन दिलं, ते कुणाच्या लक्षात राहत नाही."

पूजा झाली की मुलाला एकच प्रश्न. आज चित्रात काय घालू? मी जे पहिलं मूल पाहिलं ते दगडू, सात वर्षांचा. बाप मचव्यावर खलाशी. बायको गेल्यावर तो दारूत बुडाला, आणि एके दिवशी पोराला एसटी स्टँडवर बसवून जो गेला तो आलाच नाही. दगडू बापाचं नाव काढत नसे. पहिल्या शुक्रवारी त्याने सांगितलं, गलबत घाला. पुढच्या शुक्रवारी, त्यात एक माणूस घाला. कुठे ठेवू, तर लांब. बाईंनी गलबत कागदाच्या पार कडेला नेलं. मग दर शुक्रवारी ते ओल्या फडक्याने पुसायचं आणि दगडू सांगेल तिथे काढायचं. कधी दोन बोटं अलीकडे, कधी रागावला की पुन्हा लांब. तो माणूस किनाऱ्याला लागायला पाच महिने गेले. मधल्या काळात बाप शुद्धीवर आला होता, पोर परत द्या म्हणून अलिबागला खेटे घालत होता, आणि साहेब बाईंना पत्रावर पत्र पाठवत होते. बाईंचं उत्तर एकच, अजून तो पाण्यात आहे. साहेब चिडून आले आणि म्हणाले, बाई, हा काय सरकारी पुरावा आहे का? मला साहेबांचं पटलं होतं, खोटं कशाला बोलू?

मग एका शुक्रवारी दगडू म्हणाला, त्यांना आता दारात उभं करा, आत नको. दुसऱ्याच दिवशी बाईंनी पत्र टाकलं. बाप आला, धुतलेला सदरा घालून. बाईंनी त्याला 'या, बसा' म्हटलंच नाही. अर्धा तास तो माणूस उंबऱ्याबाहेर उभा. मला इतकं ओशाळवाणं झालं की मी पाण्याचा तांब्या घेऊन निघाले होते, बाईंनी नजरेने थांबवलं. शेवटी दगडू उठला, आतून पाट आणला आणि उंबऱ्याच्या आत ठेवला. पंधरा दिवसांनी बापलेक घरी गेले, चित्राची गुंडाळी दगडूच्या काखेत. हे त्या गलबतामुळे झालं, की बाप पाच महिने हेलपाटे घालत राहिला त्यामुळे, ते मला विचारू नका.

त्याच वर्षी शेवंता आली. तीन वर्षांची, गोल गालांची, काळीसावळी. उरणच्या वाटेवर मिठागरांच्या काठच्या गावातली. बाप वारलेला, आईला क्षय झाला म्हणून तिला मुंबईच्या इस्पितळात नेलेलं, आणि रोगाच्या भीतीने पोरीला घरात घ्यायला कुणी तयार नाही. दोन महिन्यांसाठी म्हणून आणली, ती सहा वर्षं राहिली. आई एकदा बरी व्हायची, पुन्हा आजारी पडायची. पोरीला तिथे नेऊ नका, असं डॉक्टरांचं सांगणं.

बाईंनी तिच्या आईला कधी पाहिलंच नव्हतं. तरी जिवतीत आई हवी. मग काढली. हिरवं लुगडं, भरदार केस, नाकात टपोरी नथ, उजळ गोल चेहरा. आणि कान माझा, हे मी पैजेवर सांगते. शेवंता रोज तिला जेवणाआधी नमस्कार करायची आणि विचारायची, आई अशीच दिसते? बाई म्हणायच्या, अशीच. मी तिथे बसलेली असायची. एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही की ही थाप आहे. उलट मलाच बरं वाटायचं की चला, बाई कधीतरी गोड बोलतात.

गोड त्या एकदाच बोलल्या, तेही चोरून. पोरीला गोवर आला होता. मी भर दुपारी पेज घेऊन गेले, तर बाई तिला मांडीवर घेऊन डुलत होत्या आणि 'अगं सोन्या, डोळे उघड गं' म्हणत होत्या. मला बघताच आवाज बदलला. "शेवंताबाईंना जरा पेज भरव." मी भरवली. 

शेवंता नऊ वर्षांची झाली आणि तिची आई बरी होऊन आली. हिराबाई नाव. साहेबांनी तारीख कळवली होती. बाईंनी पोरीला न्हाऊमाखू घातलं, परकर-पोलकं नेसवलं, ओसरीवर बसवलं. मी हळदकुंकवाच्या निमित्ताने हजर, नाहीतर मला राहवलं असतं का?

दारात एक काडी उभी राहिली. केस मानेवर कापलेले, चेहरा कोळशासारखा, आणि एक खांदा खाली घसरलेला. ऑपरेशनमध्ये बरगड्या काढल्या होत्या, म्हणून तिचं सगळं अंगच त्या बाजूला कललेलं. हातात कागदात गुंडाळलेला नवा फ्रॉक. तिने तो उलगडून पुढे धरला. गुलाबी, झालरीचा, तीन वर्षांच्या मुलीला बसेल एवढा. समोरची पोर तिच्या छातीला लागत होती. हिराबाई फ्रॉककडे बघते, पोरीकडे बघते, पुन्हा फ्रॉककडे.

शेवंताने आधी तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग बाईंकडे. आणि अगदी बाईंनी शिकवलं होतं तशा अदबीने म्हणाली, "या त्या नव्हेत. तुमचं घर चुकलं असेल." आणि आत पळाली ती तांदळाच्या कणगीमागे जाऊन बसली.

हिराबाई सरकत सरकत जिवतीपाशी गेली. बराच वेळ त्या हिरव्या लुगड्यातल्या बाईकडे बघत राहिली. मग कुणाकडे न बघता म्हणाली, "सा वरसं माझी पोर हिची वाट बगत व्हती. मंग बराबर हाय. ही काय मी नाय." फ्रॉकची घडी घातली, पाटावर ठेवली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या पोरीला तुमच्याकरं. सुखात हाय." पाणीसुद्धा न पिता ती गेली.

आठवडाभर आळीत दुसरा विषय नव्हता. साहेब येऊन म्हणाले, आईनेच सोडलं, आता तुम्ही दोन ओळी लिहून द्या, मुलगी कायमची तुमच्याकडे राहील. सासूबाई, ज्यांनी सहा वर्षं नाकं मुरडली, त्या स्वतः उठून बाईंकडे गेल्या आणि म्हणाल्या, लिहून दे गं, पोरीचं सोनं होईल, तिकडे मिठात मरेल. मीही तेच म्हटलं. सगळं गाव एका बाजूला होतं. बाईंनी फक्त दोन ओळी लिहायच्या होत्या, बस्स. आणि पोर त्यांना हवी होती, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. त्या दिवसांत त्या शाळेतून धावत घरी यायच्या, शेवंता आहे ना ते बघायच्या आणि मग चपला काढायच्या.

शुक्रवारी मी पूजेला गेले, तर बाईंच्या हातात ओलं फडकं. त्यांनी ती हिरव्या लुगड्यातली आई पुसून काढली होती. जिवतीच्या मधोमध पांढरा डाग. शेवंता घाबरून म्हणाली, आता इथे कोण? बाई खाली, तिच्यासमोर जमिनीवर बसल्या.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "मी तुमच्या आईला पाहिलं नव्हतं. न बघता काढलं आणि अशीच दिसते म्हणून सांगितलं. माझी चूक झाली, शेवंताबाई. त्या दिवशी आल्या होत्या त्याच तुमच्या आई."

नऊ वर्षांच्या पोरीची त्यांनी माफी मागितली. मी हातात कुंकवाचा करंडा धरून तशीच उभी. असं कुणी करतं का, आणि करावं का, मला काहीच कळेना.

दुसऱ्या दिवशी बाई एसटीने हिराबाईच्या गावी गेल्या आणि चार शुक्रवार नुसतं येऊन बसायला तिला राजी करून आल्या. शेवंताला सांगितलं, माझ्या हातून तुमची आई चुकली, आता तुम्हीच काढा. समोर बघून काढायची, मनातून नाही.

त्या चार शुक्रवारी बाई स्वतःच्या घरात थांबल्या नाहीत. आमच्या स्वयंपाकघरात, खिडकीकडे पाठ करून, माझ्याबरोबर वाल सोलत बसायच्या. खिडकीतून त्यांची ओसरी मला सरळ दिसायची, त्यांना नाही. सोलणं तरी धड होतंय का? डाळिंब्या टरफलांत आणि टरफलं पातेल्यात. दर दोन मिनिटांनी, काय करतायत गं? मी म्हणायचे, वळून बघा ना. त्या वळायच्या नाहीत.

पहिल्या शुक्रवारी शेवंताने फक्त लुगड्याचा काठ काढला, मान वर न करता. दुसऱ्या शुक्रवारी पावलं. पावलांना भेगा का, असं तिने विचारल्याचं मला ऐकू आलं, आणि हिराबाई म्हणाली, मिठाच्या पान्यात उभं ऱ्हायलं की मीठ कातरी खातंय. पोरीने प्रत्येक भेग काढली. तिसऱ्या शुक्रवारी खांद्यापर्यंत आली. मी बघते तर ती पुन्हा पुन्हा पुसतेय. तिने दोन्ही खांदे सारखे काढले होते, चांगल्या घरची मुलगी ना, दुसऱ्याचं व्यंग दाखवायचं नाही. हिराबाईने वाकून बघितलं.

"हाय तसा काड, बाय," ती म्हणाली. "नाय तं मला वळखशील कशी?"

मी हे बाईंना सांगितलं. त्यांनी हातातला वाल पातेल्यात टाकला, तोही न सोलता. मला एकदम संताप आला. कुणावर ते कळलं नाही, म्हणून त्यांच्यावरच काढला. मी म्हटलं, "बाई, तुम्हाला ती पोर नको आहे का?"

"हवी आहे," बाई म्हणाल्या. "तिथे बसले असते तर ती प्रत्येक रेघ काढताना माझ्याकडे बघणार. म्हणून इथे येऊन बसते." आणि पुढचा वाल उचलत, "आज वळून बघितलं ना, तर मी लिहून देईन."

चौथ्या शुक्रवारी चेहरा झाला. हिराबाईने तो बघितला आणि मोठ्याने हसली, माझं नाक येवरं मोठं हाय? शेवंता म्हणाली, आहे. बग हात लावून, म्हणून आईने तिचा हात धरून नाकावर ठेवला. मग पोरगी आईचं नाक चाचपते, आपलं चाचपते, पुन्हा आईचं. बाईंनी विचारलं, काय करतायत गं? मी सांगितलं, नाकं मोजतायत. बाईंनी वालाचं पातेलं बाजूला सारलं आणि हात धुवायला मागच्या दारी गेल्या. हात धुवायला इतका वेळ लागत नाही.

दिवाळी झाली आणि शेवंता गेली. जाताना ती रडली, आदळआपट केली, आणि शेवटी बाईंना म्हणाली, तुम्हाला मी कधी नकोच होते. बाईंनी चित्राची गुंडाळी तिच्या हातात दिली आणि म्हणाल्या, सावकाश जा, शेवंताबाई. मी त्यांच्याशी पंधरा दिवस बोलले नाही. अहो, एकदा जवळ घेतलं असतं तर काय बिघडलं असतं? की बिघडलंच असतं, आणि ते त्यांनाच ठाऊक होतं? माझं यावर रोज वेगळं मत असतं.

पुढच्या बातम्या काही बऱ्या नव्हत्या. साहेब सांगून गेले की मुलगी तिथे हूं की चूं करत नाही. सांगितलेलं काम करते, वाढलेलं खाते, आईला अहो म्हणते, एका कोपऱ्यात घडी घालून ठेवल्यासारखी बसते. बाई ते ऐकून वाळत चालल्या. नवं मूल घ्यायला त्यांनी नकार दिला. 'काढून बघू' म्हणायच्या थांबल्या. मला एकदा एवढंच म्हणाल्या, "कमल, पाहुणी करून ठेवली गं मी तिला. आता ती तिकडेही पाहुणीच आहे." मी नाही म्हणायला हवं होतं. पण मला खरंच माहीत नव्हतं.

पुढच्या वर्षी पोस्टाच्या नोकरीत यांची बदली झाली. ज्या दिवशी संध्याकाळी आम्ही पनवेल सोडणार, त्याच दिवशी सकाळी बाई लाडवांचा डबा घेऊन दारात हजर. शेवंताकडे जाऊन येऊ, चल. सासूबाई बांधाबांधीत, माझ्या नावाने ओरडतायत, तरी मी गेले. एसटीतून उतरून बांधावरून चालत गेलो. सगळीकडे मिठाचे ढीग, डोळे दिपत होते. हिराबाईचं घर गावाच्या टोकाला, भोवती काटेरी कुंपण. आम्ही कुंपणाशी पोचलो तोच आतून आवाज आला. मी ओळखलाच नाही आधी.

"मी नाय जानार पान्याला. रोज मीच का म्हून?"

"मंग कोन जाईल? तुजा आजा?"

"तू जा. तुला काय झालंय?"

"माजा खांदा दिसत नाय?"

"दिसतो, दिसतो. कामाचे वक्ताला बरा दुखतो तुजा खांदा."

मग एक कळशी आदळल्याचा आवाज, हिराबाईची एक कचकचीत शिवी, आणि त्यावर पोरीचं तेवढंच कचकचीत उत्तर. आमच्याकडे सहा वर्षं, जायचा दिवस सोडला तर, त्या पोरीने आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता. मी पुढे होऊन कुंपणाची झापडी उघडायला गेले, तर बाईंनी माझा दंड धरला.

"नको," त्या म्हणाल्या. "मायलेकी भांडतायत. आपण कशाला मधे?"

डबा त्यांनी माझ्या हातात दिला आणि वळून चालायला लागल्या, इतक्या भराभर की मला धाप लागली. एवढ्या लांब येऊन पोरीचं तोंडही बघितलं नाही. मी मागून विचारत होते, बाई, बरं वाटलं की वाईट वाटलं, काहीतरी सांगा. त्या थांबल्या नाहीत.

रस्त्यावर आलो आणि पहिली गाडी आली ती पनवेलकडून, उरणला जाणारी. बाईंनी हात केला आणि चढल्यासुद्धा. मला वाटलं, गोंधळल्या. मी धावत खिडकीपाशी गेले आणि म्हटलं, बाई, उतरा, ही उरणला चालली, आपली समोरून यायची. आणि आम्ही संध्याकाळी निघतोय, विसरलात का?

बाई खिडकीत बसल्या होत्या, हात मांडीवर.

"तू हो पुढे," त्या म्हणाल्या. "मला आज जरा लांबून घरी जायचं आहे."

कंडक्टरने घंटी मारली, गाडी गेली. मी रस्त्याच्या कडेला उभी, हातात लाडवांचा डबा, आणि तो आता कुणाला द्यायचा ते मला कळत नव्हतं.